माठात हात कोणाचा

टीव्हीवर ती गोष्ट तासभरसुद्धा चालली नाही. तिच्यापायी मी वर्षभर एसटीच्या बाकांवर हाडं घासली, मुंबईच्या एका ऑफिसात चहाचे कप रिकामे केले आणि ज्यांच्या तोंडी लागू नये अशा माणसांच्या तोंडी लागलो. आता कोणी विचारलं, ‘सर, तुम्ही टीव्हीसाठी लिहायचे म्हणे?’ की मी विषय बदलतो. सांगायला बसलं की पुन्हा तेवढाच थकवा येतो. पण ऐंशीच्या दशकातली ती गोष्ट एकदा लिहून टाकावी, म्हणजे निदान पुन्हा तोंडी सांगावी लागणार नाही.

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजात मराठी शिकवायचो. आमच्या झाडीपट्टीत धान घरात आलं की गावोगाव रात्रभर नाटकं चालतात. त्या नाटक मंडळ्यांसाठी दोनचार नाटकंही लिहिली होती. त्यातलं एक पाहायला मुंबईची एक दिग्दर्शिका आली होती. तिशीतली, खांद्याला झोळी, डास चावत असतानाही वही न सोडणारी. पुढे काही महिन्यांनी तिचा निरोप आला. गाजलेल्या परदेशी गुप्तहेरकथा मराठी रूपात टीव्हीवर करायच्या होत्या आणि प्रत्येक कथा महाराष्ट्राच्या वेगळ्या मुलखात घडवायची होती. जंगलाचा मुलूख आमच्या वाट्याला आला होता. तिनं कथा कोणती ते सांगितलं आणि मी खुर्चीवरून उठून उभाच राहिलो. ती आमच्या बाबांची गोष्ट होती.

बाबांची म्हणजे त्यांनी लिहिलेली नव्हे. बाबा प्राथमिक शाळेत मास्तर. चिमूर तालुक्यातल्या लहान लहान गावांत त्यांनी सारी नोकरी काढली. ट्रेनिंगसाठी नागपूरला असताना तिथल्या वाचनालयात त्यांनी ती गोष्ट मराठीत वाचली होती. रविवारी दुपारी आम्ही भावंडं अंगणात लाखोळीच्या शेंगा सोलत बसायचो आणि बाबा ती सांगायचे. इतक्या वेळा सांगितली की कुठे थांबायचं, कुठे डोळे मोठे करायचे, ते आम्हालाही पाठ झालं होतं.

बाबांची गोष्ट अशी. एका बड्या घरातल्या मालकिणीचा सोन्याचा हार जातो. आळ येतो अंगणातल्या गड्यावर. हा गडी जातीनं असा, की त्याला ओसरीच्या पुढे पाऊल टाकायची मुभा नाही. त्याला खांबाला बांधतात, मारतात. मग एक म्हातारा फौजदार येतो, घर धुंडाळतो, आणि हार सापडतो तो आतल्या पाणीघरात, पिण्याच्या पाण्याच्या माठाच्या तळाशी. घरचे ओरडतात, ह्यानंच लपवला, आता कबूल कर. फौजदार शांतपणे विचारतो, ‘काल रातच्यापासून या माठातलं पाणी कोण कोण पेलं?’ सगळेच प्यायलेले असतात. ‘आन् या गड्यानं माठात हात घातला असता तं?’ मालकीण किंचाळते, ‘माठ फोडला असता!’ मग फौजदार म्हणतो, ‘मंग सांगा बरं, या माठात कोणाचा हात जाऊ शकते?’ आणि पुतण्या मान खाली घालतो.

इथे बाबा थांबायचे. आम्ही शेंगा टाकून टाळ्या वाजवायचो. शत्रूनं स्वतःच्याच तोंडानं आपल्या माणसाची साक्ष द्यावी, यापरता विजय तो कोणता!

दिग्दर्शिकेनं पाठवलेलं पुस्तक आलं आणि मी ते जेवण बाजूला सारून वाचलं. त्यात बर्फ होतं, बग्गी होती, शेकोटी होती. माठ नव्हता, तो असणारच नव्हता म्हणा. पण पुतण्याही चोर नव्हता. चोर निघाला तीस वर्षं इमानेइतबारे चाकरी केलेला म्हातारा नोकर. शेवटी तो पाया पडतो आणि गुप्तहेर त्याला दया दाखवून सोडून देतो. मी चाळिशी ओलांडलेला माणूस, विद्यार्थ्यांना कथा या वाङ्मयप्रकाराची लक्षणं सांगणारा. आणि मला लहानपणापासून चुकीचा चोर माहीत होता.

बाबा तोवर निवृत्त होऊन आमच्याकडेच राहत होते. डोळ्यांत मोतीबिंदू, कान मात्र शाबूत. मी पुस्तक त्यांच्यापुढे धरलं.

‘बाबा, यात तर नोकरच चोर आहे.’

‘मले मालूम आहे,’ ते म्हणाले.

‘मग आम्हाला वेगळं काऊन सांगितलं?’

‘तू सहासात वर्साचा होता बाबू. तुहा आजा लोकाच्या आंगनात गडी. तुले सांगू का, का गोष्टीतबी आपलाच मानूस चोर हाय म्हनून?’

मी पुस्तक मिटलं. मग विचारलं, की ती माठाची खूण कुठून सुचली. बाबांनी डोळे पुसले. मोतीबिंदूमुळे त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं, त्यामुळे कधी काय ते कळत नसे.

‘सुचली नाई. झालं होतं. मालगुजाराच्या घरची चांदीची गडवी गेली. माह्या बापाले बांधून मारलं. मी वट्ट्याच्या खाली उभा होतो. गडवी भेटली पानीघरातच, माठाच्या मांगं. तुहा आजा तिथी कसा जाईन? कोनी इचारलंच नाई. गडवी घासून ठेवली आन् बापाले म्हनले, जाय, बैलं सोड.’ थोड्या वेळानं ते म्हणाले, ‘तिथी फौजदार नोता ना. मनून मी गोष्टीत आनला.’

नंतर त्यांनी एकच मागणं मागितलं. आयुष्यात त्यांनी माझ्याकडे फार काही मागितलं नव्हतं. ‘टीव्हीत तो प्रश्न ठेव. फौजदारानं सगळ्याइच्या समोर मोठ्यानं इचारलं पायजे, माठात हात कोनाचा जाते मनून. एक डाव ऐकू दे मले.’

मी हो म्हणालो. लेखकाला वाटतं की लिहिणं आपल्या हातात असतं.

घर मी जंगलाच्या कंत्राटदाराचं केलं. सागवान आणि बांबू तोडून गब्बर झालेला माणूस. बर्फाच्या जागी धुळीतले ठसे आणले. पुतण्या नागपूरला वकिलीत नापास होऊन परतलेला. फौजदार निवृत्त. गडी, माठ आणि प्रश्न बाबांचे जसेच्या तसे. दिग्दर्शिका वाचून म्हणाली, ‘सर, मूळ कथेपेक्षा ही खूण चांगली आहे.’ मी भाबडेपणानं ते बाबांना सांगितलं. ते लहान मुलासारखे हसले आणि दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटले.

मग मुंबईतल्या साहेबांपुढे आमचं घोडं अडलं. हे साहेब सगळ्या कथा वाचून मान्यता द्यायचे. वागायला अगदी सभ्य. चहा स्वतः पुढे करायचे. म्हणाले, ‘फार सुंदर खूण आहे. म्हणूनच काढावी लागेल.’ संध्याकाळी सगळी कुटुंबं एकत्र बसून बघतात. हे करमणुकीचं आहे, प्रबोधनाचं नाही. आणि असं आता कुठे राहिलंय? मी म्हणालो, राहिलंय की नाही ते आमच्याकडे येऊन पाहा. ते हसले आणि त्यांनी तर्कातली भोकं काढायला सुरुवात केली. गडी चोरून आत गेला असेल तर?

याचं उत्तर मी बाबांकडून लहानपणीच ऐकलं होतं. पाणीघर सैपाकघराच्या आत. गड्याची सावली दारात पडली तरी बोंब व्हायची. त्या घरात दागिन्यांवर नसेल इतका पहारा त्या एका माणसावर होता. साहेब म्हणाले, ‘हे मला पटतं, पण प्रेक्षकाला समजावून सांगावं लागेल. समजावून सांगावी लागते ती खूण कसली?’

मी परत यायचो, पानं बदलायचो, परत जायचो. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना उंट कुठे उभा आहे हेही ठाऊक नव्हतं. एकदा त्यांनी आमचं गाव कोकणात आहे असं समजून गड्याच्या अंगणात सुपारीची झाडं लावायला सांगितली. मी भांडलो. दिग्दर्शिका माझ्याहून जास्त भांडली. शेवटी साहेबांनी हो नाही, नाही हो, अशी मान हलवली. आम्ही ती ‘हो’ धरली आणि शूटिंगला निघालो. तीच चूक झाली. आमच्याकडे माणूस तोंडावर ‘नाही’ म्हणाला नाही, तर आपण ते ‘हो’ समजतो. मुंबईत त्याचा अर्थ उलटा असतो म्हणे.

वैनगंगा ओलांडून आरमोरीच्या पुढे एका जुन्या कंत्राटदाराचा बंगला मिळाला होता. गडचिरोली जिल्हा वेगळा होऊन फार काळ झाला नव्हता. रस्ते होते तसेच. सामान बैलगाडीतून आणावं लागलं. जनरेटर दर थोड्या वेळानं धापा टाकत बंद पडायचा आणि पडला की आम्ही सगळे साजा झाडाखाली जाऊन बसायचो. फौजदार नागपूरच्या रंगभूमीवरचा. गड्याच्या कामासाठी मी आमच्या नाटकांतला एक नट दिला होता. सहा फुटांचा, राजा आणि डाकू यांखेरीज दुसरं काही न केलेला माणूस. पण डोळे असे की खांबाला बांधलेला असतानाही आपल्याला लाज वाटावी.

त्याची एकच अडचण. आमच्या नाटकांत कोणी संवाद पाठ करत नाही. विंगेत प्रॉम्प्टर असतो, तो वाक्य सोडतो, नट उचलतो. टीव्हीत प्रॉम्प्टरचा आवाजही माइकमध्ये येतो, त्यामुळे त्याला हाकलला. नट भाऊ प्रत्येक वाक्याआधी थांबायचे आणि कान देऊन पाहायचे. दिग्दर्शिका हळूच म्हणायची, ‘काय सोसलेला चेहरा आहे!’ मी तिला खरं सांगितलं नाही.

अर्धं काम झालं आणि आरमोरीच्या पोस्टात मुंबईहून ट्रंककॉल आला. दिग्दर्शिका सायकलवर गेली आणि पायी परतली. सायकल हातात धरून. साहेबांनी निक्षून सांगितलं होतं, की जातीचा उल्लेख नको, हात लावण्याचा विषय नको. गडी निर्दोषच ठेवायचा असेल तर दुसरं कारण शोधा. नाही तर मूळ कथेप्रमाणे नोकर चोर.

आम्ही झाडाखाली बसलो. दुसरं कारण म्हणजे काय? ध्वनियंत्रवाल्यानं सुचवलं, ‘माठ उंचावर ठेवा ना. गड्याचा हात पोचत नाही.’ आम्ही सगळ्यांनी एकाच वेळी सहा फुटी नटाकडे पाहिलं.

‘सर,’ तो म्हणाला, ‘मी राजा केला, डाकू केला. बुटका काई केला नाई मी आजवर.’

कोणी हसलं नाही. मग सगळेच हसलो. हसून झाल्यावर भिंतीवर उंच फळी ठोकली, त्यावर माठ चढवला आणि नट भाऊंना गुडघे वाकवून धोतरात उभं केलं. फौजदारानं टेप घेऊन उंची मोजल्यासारखं केलं आणि म्हणाला, ‘याचा हात तिथवर जातच नाही.’ माझ्या आज्याला माराच्या खांबापासून सोडवायला बाबांनी जी अक्कल लढवली, तिचा आम्ही सुतारकामाचा प्रश्न करून टाकला होता.

माठ बंगल्याच्या राखणदाराच्या घरून आणला होता. त्याची बायको भली बाई. रोज आमच्यासाठी भाकरी थापायची, मायेनं वाढायची. त्या संध्याकाळी मी स्वतः माठ धुऊन तिच्या दारात परत द्यायला गेलो. बोलता बोलता ती विचारून गेली होती, सर, तुमचं गाव कोणतं, तुमचं आडनाव काय. तिनं माठाकडे पाहिलं आणि दाराच्या आतच उभी राहिली.

‘राहू द्या ना सर,’ ती फार गोड आवाजात म्हणाली. ‘तुमच्याजवळच ठेवा. आमच्याजवळ दुसरा हाय.’

तिच्या आवाजात जराही वाईटपणा नव्हता. तेच वाईट होतं. मी माठ कडेवर घेऊन परत आलो. दिग्दर्शिका व्हरांड्यात सिगरेट ओढत होती. मी माठ तिच्यापुढे ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. म्हटलं, ‘तुमच्या साहेबांना सांगा, खूण अजून लागू पडते. आत्ताच तपासून आलो.’ माझा आवाज चढला होता. बिचारीचा काय दोष, पण समोर तीच होती.

तिनं सिगरेट विझवली. मग उठली, जनरेटर पुन्हा सुरू करायला लावला, भिंतीवरची फळी तशीच ठेवून खाली जमिनीवर त्याच माठाची मांडणी केली आणि नट भाऊंना म्हणाली, ‘सरळ उभे राहा. पूर्ण उंचीनं.’ फौजदारानं बाबांचा प्रश्न विचारला. ‘या माठात हात कोणाचा जाऊ शकतो?’ नट भाऊ प्रॉम्प्टरची वाट न पाहता मान वर करून त्या सगळ्यांकडे पाहत राहिले. दिवा धरणारा माणूस रडत होता. मी पाहिलं आहे.

‘मी दोन्ही नेते,’ ती म्हणाली. ‘मुंबईत कापताना मीच बसेन. प्रयत्न करते सर.’

मी घरी येऊन बाबांना सांगितलं, प्रश्न घेतलाय. उंचीचं काही सांगितलं नाही. घेतलाय हे खरंच होतं.

पुढे किती तरी महिने काही कळलं नाही. कधी मुंबईहून पाऊस जास्त आहे एवढंच कळायचं. बाबा रोज विचारायचे, ‘लागली का आपली गोष्ट?’ मी चिडायचो. मग चिडल्याचं वाईट वाटायचं आणि त्याचाही राग यायचा. अखेर दिवस ठरला. ब्रह्मपुरीत तेव्हा टीव्ही नीट दिसत नसे. बल्लारपूरला कागदाच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये माझी बहीण राहायची, तिच्याकडे चांगला दिसायचा. बाबा, बायको, माझी लहान मुलगी आणि मी छोट्या लाइनच्या गाडीनं निघालो. गाडी आपल्या मर्जीनं थांबत, विसावत चांदा फोर्टला पोचली. तिथून पुढे गर्दीच्या बसमध्ये बाबांना कोणीतरी जागा दिली. त्यांनी धुवट पांढरा सदरा घातला होता आणि ते बाजूच्या अनोळखी माणसाला सांगत होते, ‘माहा पोरगा लिवते टीव्हीत. एक प्रश्न हाय त्यात, आयकजा.’ मी खिडकीबाहेर पाहत राहिलो.

बहिणीच्या खोलीत शेजारपाजार गोळा झाला होता. आमच्याच समाजाची माणसं, कारखान्यात, खाणीत कामाला. बाबांना पुढची खुर्ची दिली. माझी मुलगी त्यांच्या पायाशी बसली. लाइट गेली नाही. जायला हवी होती.

गोष्ट सुरू झाली. आमच्या झाडांची पानं टीव्हीत काळी-पांढरी दिसत होती. नट भाऊ खांबाला बांधलेले दिसले तेव्हा मागून एक बाई ‘अगं बाई’ म्हणाली आणि बाबांचा हात खुर्चीच्या दांडीवर घट्ट झाला. माठातून हार निघाला. फौजदार वळला. बाबा पुढे सरकले, कान दिला. फौजदाराचा चेहरा जवळून दिसला, ओठ उघडले. मला ती जागा चांगली ओळखीची होती. इथून पुढे ते वाक्य.

आणि चित्र बदललं. उंच फळी, वाकलेले गुडघे, टेप. ‘याचा हात तिथवर जातच नाही.’

‘अरे, आत्ता तं हा मानूस मोठा दिसत होता!’ कोणीतरी म्हणालं. चारदोन जण हसले. पुतण्या पकडला गेला, गडी सुटला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. बहीण शेजाऱ्यांना लाडू वाटायला उठली. बाबा टीव्हीकडेच पाहत होते. पडद्यावर शेतीचा कार्यक्रम लागला होता.

मी त्यांच्याजवळ खाली बसलो. ‘बाबा, घेतला होता. खरंच घेतला होता. त्यांनी कापला.’

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी बहिणीला टीव्ही बंद करायला सांगितलं आणि खुर्चीतून उठून उभे राहिले. सगळे गप्प झाले. म्हाताऱ्या मास्तरला उभं पाहिलं की माणसं गप्पच होतात.

‘हे तसं नाई होय,’ ते म्हणाले. ‘खरी गोष्ट आयका.’

आणि त्यांनी सांगितली. अंगणात सांगायचे तशीच, त्याच थांब्यांसह. गडी, खांब, पाणीघर, माठ. प्रश्न त्यांनी मोठ्यानं विचारला. ‘या माठात कोनाचा हात जाऊ शकते?’ खोलीतल्या एकाही मोठ्या माणसाला काही समजावून सांगावं लागलं नाही. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला. कारखान्यातला एक जण उठून दारात जाऊन उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून. मला वाटलं, जाऊ दे ते मुंबई. हे झालं ते पुरेसं झालं.

माझी मुलगी मान वर करून त्यांच्याकडे पाहत होती. सात वर्षांची. कॉलेजच्या क्वार्टरमध्ये वाढलेली, सगळ्यांच्या घरी जाऊन ताटात जेवणारी.

‘आबाजी,’ ती म्हणाली, ‘त्यानं माठात हात घातला असता, तं माठ काऊन फोडला असता?’

‘मनजे त्याइले ते पानी चाललं नसतं.’

‘काऊन? हात घाण होते त्याचे?’

‘नाई. चांगले होते.’

‘मंग?’

बाबांनी मिटलं. माझ्याकडे पाहिलं. मी पुढे होऊन तिला सांगायला लागलो. मी प्राध्यापक, त्याच प्रसंगाची पानंच्या पानं लिहिलेला. मला सोपे शब्द सापडेनात. जे सापडले ते सांगितले. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं, आणि तिला ते पटलं नाही.

‘असं कोनी करते का?’ ती म्हणाली. तिला हसू येत होतं. ‘हे तं काईबी होय बाबा. तो बुटका होता, तेच बरोबर आहे. त्याचा हात पुरला नाई.’

बहीण तिला रागावणार होती. बाबांनी हातानं थांबवलं. ते खुर्चीत बसले, तिला जवळ ओढलं आणि किती तरी वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, इतकं जवळून, जितकं त्यांना दिसायला लागायचं.

‘हो ना,’ ते म्हणाले. ‘बुटकाच होता तो.’

मी म्हणालो, ‘बाबा, अहो—’

‘राहू दे बाबू. आज राहू दे. सांगनच तिले कोनी ना कोनी. हिच्यासाठी तो बुटकाच राहू दे.’

मला फार राग आला. वर्षभर मी त्या एका वाक्यासाठी भांडलो होतो, माठ कडेवर घेऊन परतलो होतो. आणि बाबांनी ते एका झटक्यात सोडून दिलं. मग ती त्यांच्या मांडीवर डोकं टेकून फळी किती उंच होती ते हातानं दाखवायला लागली, आणि बाबा म्हणत होते, ‘एवढी? नाई, याच्याहूनबी उच्ची.’